पुण्याचे निम्मे नागपूर, आणि अहेरी

२०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या भरली १०,७२,९४२. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे माणसे अवघी ७४. बृहन्मुंबईत हाच आकडा वीस हजारांच्या वर. मुंबईइतकी दाटी केली तर हा अख्खा जिल्हा ५२ चौरस किलोमीटरांत बसेल. आणि सव्वाअकरा कोटींचा उभा महाराष्ट्र एकट्या गडचिरोलीत मावेल, वर निम्म्याहून जास्त जिल्हा रिकामा राहील!

माणसे अशी वाटेल तशी विखुरली असली, तरी शहरांच्या आकाराला एक नियम आहे. जर्मन शास्त्रज्ञ फेलिक्स आवरबाख यांनी तो १९१३मध्ये मांडला, पुढे अमेरिकेच्या जॉर्ज झिफ यांच्या नावाने तो गाजला. शहरे उतरत्या क्रमाने मांडली की दुसरे पहिल्याच्या निम्मे, तिसरे एक तृतीयांश, चौथे पाव.

मुंबई हा नियम मोडते. २०११मध्ये उपनगरे धरून ती १ कोटी ८४ लाखांची, पुणे तिच्या निम्मेही नाही. पण मुंबई आणि तिला खेटून असलेली शहरे बाजूला ठेवून पुण्यापासून मोजा. आसपासच्या वस्तीसह पुणे ५०.६ लाख. त्याचे निम्मे २५.३; नागपूर २५. तिसरा हिस्सा १६.९, नाशिक १५.६. पाव १२.६, औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ११.९. पाचवा हिस्सा १०.१, सोलापूर ९.५. कोणत्याही सरकारने हे आखले नव्हते. लहानमोठ्या सगळ्याच शहरांची टक्केवारीतली वाढ साधारण सारखीच वरखाली होत राहिली, की बऱ्याच काळाने अशी उतरंड आपोआप तयार होते, हे गणिताने दाखवता येते.

गडचिरोलीच्या जंगलातही तेच, दुसरे पहिल्याच्या साधारण निम्मे. २०११मध्ये जिल्ह्यात नगरपालिका दोनच होत्या: गडचिरोली ५४,१५२ आणि देसाईगंज २८,७८१.

याच जिल्ह्यातले अहेरी या उतरंडीत फार खाली, नगरपंचायतही २०१५ची. पण ही उतरंड गावात राहणाऱ्यांना मोजते, गावावर अवलंबून असणाऱ्यांना नाही, आणि मला हे फार मोठे उणे वाटते. अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू, माडिया एकाच दुकानासमोर ऐकू येतात. भामरागड-एटापल्लीकडचे बाळंतपण अडले की गाडी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघते. पुण्यात एका दवाखान्यात जागा नसेल तर दुसरा आहे. इथे पुढचा मोठा दवाखाना शंभरेक किलोमीटरवर, गडचिरोलीला. जिल्ह्यातल्याच सिरोंच्याहून तर जिल्ह्याची कचेरी सुमारे दोनशे किलोमीटर पडते. अहेरी हा वेगळा जिल्हा करा, ही या भागाची जुनी मागणी त्या दोनशे किलोमीटरांतून आली आहे.