प्रवाशाचा कॅमेरा आणि स्थळाचे दप्तर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ त्याची राजधानी ठरली, तेव्हा नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर या जुन्या सत्ताकेंद्रांतून जो कारकून-अंमलदारवर्ग आपली बिऱ्हाडे आणि आपली दप्तरे घेऊन या तलावांच्या शहरात दाखल झाला, त्यात मराठी कुटुंबे पुष्कळ होती. आणि अरेरा कॉलनीच्या लगत चार इमलीची सरकारी वसाहत वसल्यावर तेथील बंगल्यांतही बदलीच्या हुकमासरशी मराठी घरे येत-जात राहिली. अशा घरी महाराष्ट्रातून पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम जणू शिरस्त्याने ठरलेला असतो: एक दिवस सांचीचा, एक दिवस भीमबेटका व भोजपूरचा, संध्याकाळ मोठ्या तलावाची, आणि सवड उरल्यास ताजुल मसाजिद व गौहर महाल. पूर्वी त्याच्या गळ्यात कॅमेरा असे, आज हातात फोन असतो. दोन दिवसांत शेकडो चित्रे निघतात, नातेवाइकांना पाठवली जातात आणि विस्मृत होतात. या चित्रांपैकी किती चित्रे पन्नास वर्षांनंतर एखाद्या अभ्यासकाच्या, किंबहुना आपल्याच नातवंडांच्या, काही कामी येतील, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. आणि त्याचा विचार करण्यास भोपाळचा मुलूख विशेष योग्य आहे, कारण येथे छायाचित्रणाचा इतिहास आणि वारसास्थळांचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षे हातात हात घालून चालत आला आहे.

जेम्स वॉटरहाऊस हा तोफखान्यातील तरुण अधिकारी मध्य हिंदुस्थानातील लोकांची चित्रे घेण्याच्या सरकारी कामगिरीवर निघाला आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये भोपाळला येऊन पोचला. काचेच्या तबकडीवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रौप्यद्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून तिला प्रकाश दाखवावयाचा आणि ती सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत रसायनांनी चित्र उमटवून घ्यावयाचे, असे ते खटपटीचे तंत्र होते. तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाणी यांचा सारा बारदाना बरोबर वागवल्याशिवाय एकही तसबीर निघत नसे. ज्या कामाला इतके सायास पडतात, ते माणूस विचार करूनच करतो, आणि केल्यावर त्याचा तपशील लिहूनही ठेवतो. वॉटरहाऊसच्या तसबिरी आज अभ्यासकांना उपयोगी पडतात, त्या केवळ जुन्या म्हणून नव्हेत. कोणाची, कोठे आणि केव्हा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्यासोबत टिकून राहिली म्हणून.

त्या वेळी भोपाळच्या गादीवर नवाब सिकंदर बेगम होती. ती पडदा पाळत नसे. राज्यकारभार स्वतः पाहत असे. वॉटरहाऊसच्या कॅमेऱ्यासमोर ती आपण होऊन बसली, आणि एकाच पोशाखात बसली नाही. निरनिराळी वस्त्रे परिधान करून तिने आपली चित्रे काढवून घेतली. कोणत्या वेषात जगाने आपल्याला पाहावे याचा निर्णय येथे चित्रविषयाने केला, चित्रकाराने नव्हे. तिची नात सुलतानजहाँ बेगम पुढे गादीवर आली. ती पडदा पाळी आणि राजदरबारांतील छायाचित्रांत बुरख्यासह उभी राही, म्हणजे निर्णय उलट झाला तरी तो करणारी व्यक्ती बदलली नाही. याच्या शेजारी १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ ठेवून पाहावा. वॉटरहाऊससारख्यांच्या कामगिरीतून जमलेल्या चित्रांवर तो उभा राहिला. त्यात असंख्य माणसे जातींचे व जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची नावे ग्रंथकर्त्यांना आवश्यक वाटली नाहीत. बेगमेला नाव आहे, रयतेला नाही. आजचा प्रवासी जत्रेतल्या वृद्धेचा किंवा बाजारातल्या कारागिराचा चेहरा टिपतो व त्याखाली ‘ग्रामीण जीवन’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा तो याच दुसऱ्या परंपरेत जाऊन बसतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

स्थळांच्या बाबतीत छायाचित्राचे मोल काय, हे सांचीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे कळेल. १८१८ साली जनरल टेलर तेथे पोचला तेव्हा महास्तूपाच्या चार तोरणांपैकी दक्षिण तोरण आधीच कोसळलेले होते. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन याने स्तूप वरपासून खालपर्यंत खणला; त्या भगदाडामुळे पश्चिमेकडील भाग खचला, कठडा ढासळला आणि पश्चिम तोरणही पडले. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेसी यांनी पुन्हा उत्खनन केले. वॉटरहाऊसने १८६२ मध्ये येथील पूर्व तोरणाचे चित्र घेतले, ते तोरण मूळ जागी उभे होते. पुढे १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल याने भगदाड बुजवून दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी केली. त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ अशी सात वर्षे येथे खपून आजची सांची आपल्याला दिली, आणि त्या कार्याला सुलतानजहाँ बेगमेने द्रव्यसाहाय्य केले. मार्शल यांनी दक्षिण तोरणाविषयी एक गोष्ट नमूद केली आहे, तिने माझे मन नेहमी अस्वस्थ होते: ते तोरण पुन्हा उभारताना त्याच्या वरच्या व खालच्या तुळया उलट्या बसल्या, त्यामुळे बाहेरच्या अंगाला असावयाचे अधिक सुंदर शिल्प स्तूपाच्या बाजूला गेले. दुरुस्ती करणारे निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच ते तोरण पडले होते. उभ्या स्थितीतील त्याचा एकही दाखला कोणाजवळ नव्हता, आणि दगड स्वतःची दिशा सांगत नाही. सांचीला जाणाऱ्या वाचकाने दक्षिण तोरणापाशी थांबून त्याच्या दोन्ही अंगांची चित्रे अवश्य घ्यावीत.

इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक म्हणून नोकरीस लागलेले लाला दीनदयाळ यांनी याच प्रदेशातील प्राचीन वास्तूंची जी चित्रे घेतली, ती सर लेपल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. आरेखकाची नजर असलेला छायाचित्रकार वास्तूसमोर कोठे उभा राहतो, हे त्या चित्रांत पाहण्यासारखे आहे: तो समोरून, सरळ, पायापासून शिखरापर्यंत सारे सामावून घेऊन वास्तू दाखवतो.

मराठी माणसाला ही कला परकी नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ पुरातत्त्व खात्यात चित्रकाराचे काम केले होते. आणि अजिंठ्याची कथा तर आपल्या घरचीच. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून भित्तिचित्रांच्या प्रचंड प्रतिकृती रंगवल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. गिलने कॅमेऱ्यानेही लेण्यांची चित्रे घेतली होती व ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली होती, म्हणून ती वाचली. रंगवलेली प्रत एकच असते. छायाचित्राच्या प्रती अनेक ठिकाणी पांगतात, हा त्याचा मोठा गुण होय.

तथापि कॅमेरा सर्वत्र पुरा पडतो असे नाही. नीमच येथे १९१९ साली जन्मलेले विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये रेल्वेने जात असता भोपाळच्या दक्षिणेकडील टेकड्यांत ते विलक्षण खडक दिसले, आणि भीमबेटकाची शैलचित्रे विद्वज्जगतापुढे आली. २००३ मध्ये त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. वाकणकर चित्रकार होते. एकावर एक काढलेल्या, झिजलेल्या, खडकाच्याच वर्णाशी एकजीव झालेल्या आकृती त्यांनी हाताने उतरवून घेतल्या. कारण कोणती रेषा आधीची व कोणती नंतरची याचा निवाडा रेखाटणाऱ्या हाताला करावाच लागतो, कॅमेरा तो टाळतो. शैलचित्रे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडण्याची एक घातक चालही पुष्कळ ठिकाणी होती. प्राचीन रंगाला चित्रकाराच्या सोयीसाठी ओले करणे हा अपराध आहे, आणि कोणी पाहत नसले तरी तो करू नये.

याच भीमबेटकात अलीकडे जे घडले ते मला फार उद्बोधक वाटते. मार्च २०२० मध्ये तेथे गेलेल्या भूवैज्ञानिकांना प्रेक्षागृह नावाच्या गुहेच्या भिंतीवर पानासारखी शिरांची एक आकृती दिसली. तिच्या छायाचित्रांवरून ती डिकिन्सोनिया या पन्नास कोटी वर्षांहून प्राचीन जीवाचा अवशेष आहे असा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि विंध्य खडकांच्या कालनिर्णयावर त्याचा परिणाम होईल असे दिसू लागले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी स्थळावर जाऊन पाहिले, तर मधल्या काळात ती आकृती खडकावरून सुटू लागली होती. जवळच ताजी मोहोळे होती, आणि ती आकृती म्हणजे सडत चाललेल्या मोहोळाचा ठसा होता. मूळ निबंधाच्या प्रमुख लेखकानेही हे मान्य केले. एकाच जागेची, तारीखवार घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवता आली म्हणून भूगर्भशास्त्रातील एक वाद निकाली निघाला. पहिल्या चित्राची तारीख हरवली असती, तर दुसऱ्याला काहीच सिद्ध करता आले नसते.

भोजपूरला अकराव्या शतकातील भोज राजाच्या अपूर्ण शिवालयात जाणारे सारेच भव्य शिवलिंगाचे चित्र घेतात, ते योग्यच आहे. परंतु मंदिराभोवतीच्या खडकांवर त्या काळच्या स्थपतींनी कोरलेले आराखडे आहेत, खांबांचे, शिखरांचे, मंडपांचे, आणि असा पुरावा भारतात अन्यत्र दुर्मिळ आहे. त्या फिकट रेषा सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हातच दिसतात. दुपारच्या उन्हात गेलेल्या प्रवाशाला तेथे नुसता खडक दिसतो.

शहराकडे वळले म्हणजे नोंदीची निकड अधिक तीव्र होते, कारण लेणी व स्तूप यांना प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे, गल्लीबोळांना ते नाही. जुन्या भोपाळच्या तटबंदीला वारांची नावे धारण करणाऱ्या वेशी होत्या. आज बहुतेकांचे नाव तेवढे मोहल्ल्याला उरले आहे. नव्या शहरातही झीज होतच असते. २०२४ च्या उन्हाळ्यात चार इमलीपासून फार दूर नसलेल्या शिवाजी नगर व तुलसी नगर भागात नवे बंगले बांधण्यासाठी हजारो वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. नागरिक, विशेषतः स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या आणि शासनाला तो मागे घ्यावा लागला. चिंच, वड, कडुलिंब यांच्या सावलीतली ही राजधानी हाही वारसाच आहे, आणि त्याची चित्रे पाहुण्यांनी नव्हे तर तेथे राहणाऱ्यांनीच घेऊन ठेवली पाहिजेत.

जिवंत परंपरांच्या बाबतीत नावाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८२ मध्ये भोपाळात भारत भवन हे कलाकेंद्र उघडले. त्याच्या उभारणीच्या काळात चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या सहकाऱ्यांना पाटणगढ येथे जनगढसिंह श्याम हा परधान तरुण भेटला, आणि भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भूरीबाई या भिल्ल स्त्रीच्या हाती स्वामिनाथनांनी कागद व रंग दिले. जनगढच्या शैलीने पुढे कलाकारांची एक पिढीच घडवली. भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे ‘आदिवासी कला’ या मोघम खात्यात न टाकता त्यांच्या नावे रुजू केली गेली, म्हणून हे घडू शकले. श्यामला हिल्सवरील मानव संग्रहालयात किंवा जनजातीय संग्रहालयात जाणाऱ्याने भिंतीवरील चित्राबरोबर त्याच्या कर्त्याच्या नावाची पाटीही टिपावी. आणि भोपाळात लिहिताना एक चित्र टाळता येत नाही. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाची छायाचित्रे रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू यांनी घेतली. त्या बालकाची ओळख अखेरपर्यंत पटली नाही.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून मोडी दप्तरे जमवली तेव्हा तारखेचा, स्थळाचा आणि नावांचा कस लावल्याशिवाय ते कोणत्याही कागदाचा अर्थ लावीत नसत. मायना व तारीख फाटून गेलेल्या पत्राची जी गत होते, तीच नोंदरहित छायाचित्राची होते. प्रवाशाने चित्र घेतल्यावर त्याच दिवशी मुक्कामी पोचल्यावर एवढे लिहावे: गाव व जिल्हा, तारीख व वेळ, कोणत्या दिशेकडे तोंड करून चित्र घेतले, व्यक्ती असल्यास तिचे नाव आणि तिची संमती. वास्तूचे एक चित्र समोरून पूर्ण घ्यावे, दुसरे जेथे तडा, झीज किंवा नवी डागडुजी दिसते तेथले घ्यावे. लेण्यांत फ्लॅश वापरू नये. आणि फोनमधील चित्रांची एक प्रत अन्यत्र ठेवावी.

जुन्या चित्रांसाठी मात्र अवधी थोडा आहे. मराठी घरांतून, भोपाळात, नागपुरात, पुण्यात, काळ्या पानांचे अल्बम पडून आहेत. त्यांत १९६० च्या सहलींची सांची आहे, पूर्वीचा मोठा तलाव आहे, आज नसलेल्या वाड्यांची दारे आहेत, आणि त्यांखाली काहीही लिहिलेले नाही. ती चित्रे ओळखणारी आजी-आजोबांची पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. या दिवाळीत घरची माणसे एकत्र येतील, तेव्हा वाचकांनी तो अल्बम खाली काढावा, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे आणि प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने स्थळ, साल व माणसांची नावे लिहून घ्यावीत.