सरकारी दप्तर, खाजगी माहिती आणि न्यायालय

आजच्या नागरिकाचे आयुष्य जन्मापासून मरणापर्यंत सरकारी दप्तरात नोंदले जाते. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, सरकारी रुग्णालयातील केसपेपर, आयकराचे विवरणपत्र, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आधारसाठी दिलेले बोटांचे ठसे अशी ही मालिका वाढतच जाते. यांतील काही माहिती आपण गरजेपोटी देतो, काही कायद्याच्या सक्तीने देतो. परंतु देताना मनात एक गृहीत असते की, ज्या कामासाठी ती दिली त्या कामापुरतीच ती वापरली जाईल. पुढे कधी तरी दोन माणसांत वाद उत्पन्न होतो आणि तो न्यायालयात जातो. सत्य काय आहे हे सांगणारा कागद नेमका एखाद्या कचेरीच्या कपाटात असतो. तो मागावा तर कचेरीचे उत्तर येते, "ही माहिती गोपनीय आहे." अशा वेळी त्या कागदावर हक्क कोणाचा, आणि तो न्यायालयापुढे आणण्याची रीत कोणती, याचा विचार आपण करणार आहोत.

प्रश्न दोन्ही बाजूंनी कसा अवघड आहे ते प्रथम ध्यानात घेऊ. पतीने टाकलेली एक स्त्री पोटगी मागते. पती सांगतो, माझी प्राप्ती अल्प आहे. त्याची खरी प्राप्ती आयकर खात्याच्या दप्तरात नोंदलेली असेल आणि तो कागद न्यायाधीशापुढे आला नाही, तर तिच्या मुलांच्या पोटाला चिमटा बसतो. आता दुसरी बाजू पाहा. एचआयव्हीची बाधा झालेला रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो, तो आपले नाव बाहेर फुटणार नाही या भरवशावर येतो. जमिनीच्या एखाद्या फुटकळ दाव्यात त्याचा केसपेपर कोणीही मागावा आणि कचेरीने तो निमूटपणे द्यावा असे झाले, तर त्याची अब्रू जाईल, आणि त्याच्यामागून येणारा रुग्ण उपचारालाच येणार नाही. म्हणजे सत्यशोधनाला जसा समाजाचा आधार आहे, तसाच गुप्ततेलाही आहे.

येथे गुप्ततेचे दोन प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. एक राज्याची गुप्तता आणि दुसरी नागरिकाची. देशाचे संरक्षण, परराष्ट्रसंबंध, मंत्रिमंडळातील विचारविनिमय यांसंबंधीचे कागद उघड झाले तर राज्यकारभाराला अपाय होतो, म्हणून राज्याला ते रोखून धरता येतात. नागरिकाने दिलेली माहिती मात्र कचेरीजवळ ठेव म्हणून असते. ठेव सांभाळणाऱ्याने ठेवीदाराचे हित पाहावयाचे असते. आपल्या चुका झाकण्यासाठी ठेवीची ढाल करावयाची नसते. हा भेद विसरल्यामुळेच पुष्कळ कचेऱ्यांत "गोपनीय" हा शब्द कोणत्याही अडचणीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होऊन बसतो.

राज्याच्या गुप्ततेविषयी आपल्याकडे मोठा खल झाला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम १२३ हे त्याचे मूळ. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध सोढी सुखदेव सिंग या प्रकरणी निर्णय दिला. सेवेतून दूर केलेल्या एका जिल्हा न्यायाधीशाने सरकारविरुद्ध दावा लावला होता आणि सरकारी कागद मागितले होते. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या निर्णयाचे सार असे की, कागद राज्यकारभाराच्या विषयाचा आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावे. मात्र तो तसा ठरल्यास उघड केल्याने अपाय होईल की नाही, हा निर्णय खात्याच्या प्रमुखाचा. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे मान्य झाले नाही. त्यांनी न्यायालयाच्या अधिकाराची कक्षा अधिक विस्तृत मानली. काळाचा ओघ त्यांच्याच दिशेने गेला. १९७५ साली राज नारायण यांच्या निवडणूक अर्जातून उद्भवलेल्या प्रकरणात आणि १९८१ साली न्यायाधीशांच्या नेमणुकांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद स्वतः पाहून लोकहिताची दोन पारडी तोलण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित केला. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. जुने कलम १२३ तेथे कलम १२९ झाले आहे.

नागरिकाच्या गुप्ततेसंबंधी मात्र एकच सर्वसाधारण नियम नाही. कायद्याने वेगवेगळ्या दप्तरांना वेगवेगळी कुलुपे लावली आहेत, आणि ती कोणती हे वकिलाने प्रथम पाहावयास हवे.

सर्वांत पक्के कुलूप खानेसुमारीचे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे खानेसुमारीच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि कोणत्याही दिवाणी कामात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. कारण उघड आहे. दारात आलेल्या गणकाला दिलेले उत्तर उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल अशी धास्ती असेल, तर कोणीही खरे उत्तर देणार नाही.

आयकराच्या दप्तराचा इतिहास उद्बोधक आहे. १९२२ च्या कायद्याचे कलम ५४ इतके कडक होते की, न्यायालयालाही ती कागदपत्रे मागविता येत नसत. १९६१ च्या कायद्यात तशीच तरतूद कलम १३७ म्हणून आली. परंतु १९६४ साली ती वगळण्यात आली. ती वगळल्यानंतर न्यायालयाच्या मार्गात तसा अडसर उरला नाही आणि योग्य प्रकरणी न्यायालय हे कागद मागवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली स्पष्ट केले. म्हणजे एकाच दप्तराचे कुलूप कायदेमंडळाने एका पिढीत सैल केले.

रुग्णालयांच्या बाबतीत २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आदर्श वाटावा असा आहे. रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करता येत नाही. न्यायालयाला ती हवी असेल, तर वादातील मुद्द्यांच्या निर्णयासाठी न्यायाच्या दृष्टीने ती आवश्यक आहे असे ठरवून आदेश द्यावा लागतो. शिवाय नाव झाकून किंवा बंद दाराआड कामकाज चालविण्याची मुभा त्याच कायद्यात आहे.

आधारचे कुलूप याहूनही कडक आहे. गोव्यात घडलेल्या एका गंभीर गुन्ह्याच्या तपासात केंद्रीय अन्वेषण विभागाने तेथील आधारधारकांची जैविक माहिती मागितली होती. गुन्हेगार सापडावा हा हेतू रास्तच. परंतु एका माणसाच्या शोधासाठी साऱ्या गोमंतकीयांच्या बोटांचे ठसे चाळले जाणार होते. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन बजावले की, धारकाच्या लेखी संमतीवाचून अशी माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. ओळखीची माहिती उघड करण्याचा आदेश आता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशानेच द्यावा लागतो, तोही प्राधिकरणाचे आणि संबंधित धारकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिमा मात्र या मार्गानेही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. हवा असलेला कागद आपल्या स्वतःच्या प्रकरणाचा असेल तर प्रश्न सोपा असतो. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा हक्क ज्याला आहे त्याला त्याची प्रमाणित नक्कल फी भरून मिळते, आणि आपलीच माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीही मागता येते. वकिलामार्फत मागावयाची तर अशिलाने स्पष्ट संमतिपत्र लिहून द्यावे. कोणता कागद, कोणत्या काळातील आणि कोणाच्या हाती द्यावयाचा, हे त्यात असावे. दुसऱ्याची खाजगी माहिती मिळविण्यासाठी मात्र माहिती अधिकाराचा मार्ग बहुधा निष्फळ ठरतो. एखाद्याचे आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक लोकहित दाखविल्यावाचून ती मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच सांगितले आहे.

कागद प्रतिपक्षाचा असेल तर प्रथम त्याच्याकडेच मागावा. विवरणपत्राची प्रत त्याच्या घरीही असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ प्रमाणे आपल्या ताब्यातील कागद शपथेवर उघड करण्यास न्यायालय पक्षकाराला भाग पाडू शकते. पोटगीच्या कामात तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये उभय पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे असा दंडक घातला आहे. ज्या स्त्रीचे उदाहरण आपण आरंभी घेतले तिचा पहिला आधार हाच.

एवढ्याने भागले नाही, किंवा प्रतिज्ञापत्र खोटे असल्याची सबळ शंका आली, म्हणजे खात्याकडे वळावे. आदेश १६ मध्ये केवळ कागद हजर करण्यासाठी साक्षी-समन्स काढण्याची सोय आहे. येथे अर्जाच्या शब्दांना फार महत्त्व असते. "संबंधित सर्व कागदपत्रे मागवावीत" असा अर्ज म्हणजे अंधारात टाकलेले जाळे. तो नामंजूर होण्याचाच संभव अधिक. अमुक वर्षाचे विवरणपत्र, अमुक मुद्द्याच्या शाबितीसाठी, आणि ते अन्य मार्गाने मिळत नाही म्हणून, अशी नेमकी मागणी असेल तर न्यायाधीशाला तिचे वजन करता येते. ज्याची माहिती मागितली जात आहे तो दाव्यात पक्षकार नसेल, तर त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे अशी विनंती अर्जदारानेच करावी. त्याने अर्ज दुबळा होत नाही. न्यायालयाचा विश्वास वाढतो.

समन्स आल्यावर कचेरीचे कर्तव्य काय? पुष्कळदा "कागद गोपनीय असल्याने पाठविता येत नाही" असे पत्र लिहून अधिकारी मोकळा होतो. कायद्याला हे मान्य नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १६५ सांगते की, आक्षेप असला तरी समन्स मिळालेल्या साक्षीदाराने कागद घेऊन न्यायालयात यावयाचे. आक्षेप ग्राह्य की अग्राह्य हे न्यायालय ठरवील. मंत्री आणि राष्ट्रपती यांच्यामधील पत्रव्यवहार तेवढा या कलमाने न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तेव्हा अधिकाऱ्याने कागद मोहोरबंद लिफाफ्यात आणावा, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आक्षेप आहे ते सांगावे, आणि निर्णय न्यायाधीशावर सोपवावा. यात त्याची स्वतःचीही सुरक्षितता आहे. आपल्या मर्जीने कागद देणे आणि आपल्या मर्जीने तो दडविणे हे दोन्ही दोष टळतात.

कागद उघडावयाचा असे ठरले तरी तो चावडीवर वाचला पाहिजे असे नाही. न्यायाधीश तो आधी आपल्या दालनात पाहू शकतात. प्रस्तुत तेवढी पाने ठेवून बाकीची परत करता येतात. त्रयस्थांची नावे झाकता येतात. कुटुंब न्यायालयात तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे पक्षकारांपैकी एकाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. दावा संपल्यावर तो कागद वृत्तपत्राकडे किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नेण्याचा परवाना त्या आदेशाने कोणालाही मिळत नाही.

या साऱ्या तरतुदी वेगवेगळ्या काळी झाल्या. तरी त्यांतून एकच सूत्र दिसते. नागरिकाची माहिती कचेरीच्या मालकीची नसते, आणि ती मागणाऱ्या पक्षकाराच्याही मालकीची नसते. कुलूप उघडण्याचा प्रसंग आलाच तर किल्ली न्यायाधीशाच्या हाती असावी, ज्याची ती माहिती आहे त्याला आधी विचारावे, आणि दार लागेल तेवढेच उघडावे. ज्याच्यावर असा दावा चालविण्याची वेळ येईल त्याने आपल्या वकिलाला पहिला प्रश्न असा विचारावा: आपल्याला नेमका कोणता कागद हवा आहे, आणि त्यावाचून कोणता मुद्दा अडतो? याचे उत्तर दोन ओळींत देता येत असेल, तर अर्ज करावयास हरकत नाही.