ठिणगीपुरती फट

देवासहून इंदूरमार्गे धारला जाणारा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरांचा आहे. मोटारीने हे अंतर दोन तासांत कापले आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालले असे धरू. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. म्हणजे या एका प्रवासात प्रत्येक स्पार्क प्लगला १,८०,००० ठिणग्या टाकाव्या लागतात!

ही ठिणगी प्लगच्या टोकाशी असलेल्या दोन विद्युदग्रांमधील फटीत उडते. फट फार लहान असली, तर ठिणगी खुरटी पडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि उभ्या गाडीचे इंजिन थरथरते. फट मोठी असली, तर ती ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते. मग नेमकी चढावर, भरल्या गाडीत ठिणगी चुकते. न जळलेले पेट्रोल वाया तर जातेच, शिवाय हल्लीच्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारे महागडे उपकरणही त्यामुळे तापून निकामी होऊ शकते. प्रत्येक ठिणगीगणिक धातू झिजतो; यास्तव नीट लावलेली फटही कालांतराने रुंदावते.

मग ती किती असावी? जुन्या अँबॅसडरच्या १,४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनास ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर, हे माप होते. पुढे याच गाडीसाठी धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे इसुझू बनावटीची इंजिने तयार होऊ लागली. गाडीचे नाव तेच राहिले, इंजिन मात्र बदलले. तेव्हा माप गाडीच्या नावावरून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून न घेता, आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

इंजिन थंड झाल्यावर एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ झटकावी. वापरलेल्या प्लगसाठी गोल तारेचे गेज उत्तम. ते किंचित अडून सरकले, की फट बरोबर समजावी. वाकवायचे ते केवळ बाजूचे विद्युदग्र. मधल्यावर जोर दिल्यास चिनी मातीचा भाग तडकतो. इरिडियमचे नाजूक टोक असलेल्या प्लगची फट मात्र घरी बदलू नये. झिजलेला प्लग वाकवून वापरत राहण्यापेक्षा नवा घालणेच शहाणपणाचे होय.