हसलेला अनारसा

अनारसा तुपात सोडला, गोल पसरला, जाळी पडू लागली आणि मी हरखून झारा उचलेपर्यंत त्याचे तुकडे तुकडे होऊन कढईभर झाले. आमच्याकडे याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवले होते, रोज पाणी बदललं होतं, फडक्यावर निथळून, दमट असतानाच कुटून, चाळून, गुळात मळून पीठ आठ दिवस डब्यात ठेवलं होतं. एवढी बडदास्त ठेवून शेवटी हे! मी गॅस बंद केला आणि आईला फोन लावला.

“गूळ जास्त झालाय. थोडी तांदळाची पिठी मिसळ आणि एकच करून बघ.”

“थोडी म्हणजे?”

“म्हणजे बेताची.”

स्वयंपाक शिकणाऱ्याचा घात या ‘बेताची’नं होतो. विचारलं तर उत्तर येतं, अंदाजानं. जणू तो अंदाज जन्मतःच मिळतो आणि ज्याला मिळाला नाही त्यानं कुकर लावून गप्प बसावं. चाळिशीत, नोकरीमुळे दोन गावांत घर विभागल्यावर मी ओट्याशी उभा राहिलो, तेव्हा माझीही तीच समजूत होती. ती मोडली कमलाबाई ओगल्यांनी. त्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घराघरात पोचलं. मराठीत पाककृतींची पुस्तकं त्याआधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ तर १९१०चं. पण ज्या वाटीनं मी आमटी ओरपतो तिनंच डाळ मोजायची, ही सोय मला फार मोलाची वाटते. कारण वाटी तीच राहिली की चूक सापडते. आज दोन चमचे तिखट घातलं, डोळ्यांत पाणी आलं, उद्या दीड. असं महिनाभर केलं की हातालाच कळायला लागतं आणि चमचा आपोआप बाजूला पडतो. अंदाज म्हणजे पाठ झालेलं माप, एवढंच.

पण नुसत्या मापानं भागत नाही. मी पहिल्या वर्षी कृतीतला वेळ घड्याळ लावून पाळायचो आणि फोडणी रोज जळायची. फोडणीला कान लागतात. तेल तापलं की मोहरी आधी, कारण ती तडतडायला चांगली उष्णता लागते. तडतड ओसरू लागली की जिरं, मग हिंग आणि अगदी शेवटी हळद, कारण ती क्षणात करपून कडू होते. म्हणून मी हळद घालताना आच बंदच करतो आणि लगेच कांदा किंवा डाळ ओततो. तेल तापलंय की नाही हे बघायला मोहरीचे दोनच दाणे आधी टाकायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं; चार फोडण्या मोरीत गेल्यावर सुचलं.

डाळीची गोष्ट तर मी कित्येक महिने कुकरच्या माथी मारत होतो. शिट्ट्या वाढवल्या, डाळ बदलली, तरी ती टचटचीतच. दोष माझ्या हुशारीचा होता. वेळ वाचावा म्हणून मी टोमॅटो आणि चिंचेचा कोळ डाळीबरोबरच कुकरमध्ये घालत होतो. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही, त्यामुळे डाळ मऊ पडत नाही. आमसूल आमटी उकळताना घालायचं असतं, ते नुसत्या रिवाजानं नव्हे. हे एकदा उमगलं आणि वालाच्या उसळीत, राजम्यात, छोल्यांत कुठंही तोच नियम लावता आला. एक कारण कळलं की दहा कृती आपसूक येतात. कृती पाठ करणाऱ्याला हे सुख नाही.

भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ चिवट होत नाही आणि थापताना कडेला चिरा पडतात. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी धरून राहते. तरीही चिरत असेल तर पीठ जुनं झालंय, त्याची विरी गेली आहे. तिथं तुमच्या हाताला बोल लावू नका.

मीठ जास्त झालं तर बटाटा घाला, असं जो तो सांगतो. बटाटा जेवढं पाणी पितो तेवढंच त्यातलं मीठ घेतो. बाकीची आमटी खारटच राहते. खरा उपाय एकच, आमटी वाढवणं. शिजवलेली डाळ आणखी घालायची आणि संध्याकाळीही तीच जेवायची.

दिवाळीत चकली आपली परीक्षा घेते. तिचं दुखणं ओळखायला मी आता पहिला सगळा घाणा तळतच नाही, एकच चकली सोडतो. तेलात विरायला लागली तर मोहन जास्त झालंय. आणखी थोडी भाजणी मळायची. दगडासारखी झाली तर मोहन कमी. पाडतानाच तुटत असेल तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. बाहेरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ, म्हणजे आच मोठी होती, आतलं पाणी गेलंच नाही. त्यासाठी रंगापेक्षा बुडबुड्यांकडे बघावं; ते विरळ झाले की चकली तयार.

त्या अनारशांच्या पिठात मी शेवटी दोन चमचे पिठी घातली आणि ते तासभर झाकून ठेवलं. दुसरा अनारसा थोडा हसला. आणखी एक चमचा. तिसरा शहाण्यासारखा राहिला. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्यानं वरून तूप उडवत तळला. हसलेल्यांचा चुरा मी दुधात घालून खाल्ला आणि खरं सांगायचं तर तो मला जास्त आवडला.

यंदा चकलीची भाजणी घरीच भाजली. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, वर धने-जिरे. गिरणीत ही गर्दी. माझा डबा पुढे सरकला तेव्हा आधीच्या बाईंचे गहू नुकतेच संपत होते. गिरणीवाल्यानं झाकण उघडलं. मी म्हटलं, “गव्हावर नको, थांबतो मी. कुणाची हरभरा डाळ आली की तिच्यावर टाका.” त्यानं काही न बोलता डबा बाजूला ठेवला, आणि मागच्या काकूंनी पिशवीतून डाळीचा डबा काढून पुढे केला.