लेग पुलिंग म्हणजे पाय ओढणं नव्हे

कोरीट गावच्या पारावर असो की मुंबईत मंत्रालयात, कुणाच्या पुढे जाण्यात खोडा घातला की आपण म्हणतो, "इथं नुसतं लेग पुलिंग चालतं." इंग्रजीत त्याचा अर्थ तो नाहीच. लेग पुलिंग म्हणजे फिरकी घेणं: गंभीर चेहऱ्यानं थाप मारायची आणि समोरचा फसला की हसायचं. आपण आपल्या 'पाय ओढण्या'वर विलायती कोट चढवला, एवढंच. फाशी दिलेल्याचे पाय ओढत, त्यावरून हे आलं, अशीही एक रंगतदार कथा सांगतात. तिला पुरावा नाही.

दादागिरी करणाऱ्याला म्हणतात तो 'बुली' शब्दही असाच फसवा. त्याचा 'बुल'शी, म्हणजे बैलाशी संबंध असेल असं वाटतं. पण 16व्या शतकात हा चक्क लाडाचा शब्द होता. शेक्सपिअरची पात्रं दोस्ताला कौतुकानं 'बुली' म्हणतात. दादागिरीचा अर्थ नंतर चिकटला.

'टीज' मात्र मुळात थट्टेचा शब्दच नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकरीचे तंतू ओढून सुटे करणं, म्हणजे आपलं पिंजणं. नंदुरबारच्या कापूस पट्ट्यात हे वेगळं समजवायला नको: सरकी काढलेला पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढला की धागे मोकळे होतात. एखाद्याला असंच थोडं थोडं ओढत राहणं म्हणजे चिडवणं. पार्लरमध्ये केस पिंजारतात, त्यालाही इंग्रजीत टीज करणंच म्हणतात. भाषणात मध्येच टोकणारा 'हेकलर' याच घरचा. हेकल म्हणजे जवसाचे धागे विंचरायची दातेरी फणी. ती आधी धाग्यांवर आणि पुढे स्कॉटलंडात पुढाऱ्यांवर चालली.

'ईव्ह टीझिंग', म्हणजे बाईची छेड काढणं, हा मात्र इंग्रजांनी दिलेला शब्द नाही, तो भारतातच घडला. मला तो खटकतो, कारण गुन्ह्याला तो खोडीच्या रांगेत बसवतो. भारतीय न्याय संहितेत हा शब्द नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कायद्यात अश्लील शेरेबाजी कलम 75 मध्ये येते, एक वर्षापर्यंत कैद. पाठलाग कलम 78 मध्ये, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत. म्हणून एसटी स्टँडवर त्रास झाला, तर तक्रारीत "टीझिंग केलं" एवढंच लिहू नये. त्रास देणारा नेमकं काय बोलला, कुठं उभा होता, किती वेळा मागे आला, ते लिहावं.