अश्वमीनांच्या जलजीवालयातील तापमान

अश्वमीन अथवा समुद्रघोडा हा सिंग्नॅथिडी कुलाच्या हिप्पोकँपस वंशातील सागरी मासा आहे. तो अनियततापी (शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलणारा) असल्यामुळे बंदिवासात त्याचे आरोग्य पाण्याच्या तापमानावर फार अवलंबून असते.

योग्य तापमान जातीनुसार ठरते. हि. कुडा, हि. रीडी व हि. इरेक्टस या सामान्यतः पाळल्या जाणाऱ्या जातींना २२° ते २४° से. तापमान मानवते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मोठ्या पोटाच्या हि. ॲब्डॉमिनॅलिस या जातीस १६° ते २०° से. इतके थंड पाणी लागते. म्हणून ही जात उष्ण सागरातील जातींबरोबर ठेवीत नाहीत.

उष्ण कटिबंधातील समुद्रात अश्वमीन २८° से. तापमानातही आढळतात, तथापि जलजीवालयात ते कमी ठेवावे लागते. समुद्रातील विपुल पाण्यात उत्सर्जित द्रव्ये विरळ होतात. टाकीत ती साचतात. पाणी तापल्यास व्हिब्रिओ वंशातील सूक्ष्मजंतूंची वाढ झपाट्याने होते आणि त्वचेवर व शेपटीवर व्रण पडणे, मुस्कट कुजणे यांसारखे विकार उद्‌भवून मासा थोड्याच दिवसांत दगावू शकतो. शिवाय ३५ लवणतेच्या समुद्रजलात २०° से. तापमानास प्रतिलिटर सु. ७·४ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, तर ३०° से. तापमानास सु. ६·२ मिग्रॅ.च. उष्णतेने चयापचय वाढून ऑक्सिजनाची गरज मात्र वाढते. अश्वमीनास जठर नसल्याने त्याला वारंवार अन्न द्यावे लागते. उरलेले अन्न उबदार पाण्यात लवकर कुजते.

उन्हाळ्यात शीतक यंत्र वापरणे सर्वांत खात्रीचे असते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरते. परंतु मीठ मागे राहत असल्याने घटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी लागते. टाकीत बर्फ टाकून पाणी एकदम थंड करणे अपायकारक असते, कारण तापमानातील आकस्मिक बदल माशास सोसत नाही. तापकाभोवती जाळी बसवितात. अन्यथा अश्वमीन त्यास शेपटीचा विळखा घालतो व भाजतो.

भारतात अश्वमीनांना वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे. त्यामुळे आपल्या समुद्रातून ते पकडून घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. इतर देशांतही पैदास केंद्रांत जन्मलेले मासे पसंत केले जातात. ते गोठविलेले अन्न खाण्यास सरावलेले असतात.