दुर्बिणीची शस्त्रक्रिया : छिद्र लहान, टाका मोलाचा

गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असल्याचे निदान झाले की स्त्रीचा पहिला प्रश्न असतो, ‘पोट उघडावे लागेल का?’ २०१२ साली सुरू झालेल्या भोपाळच्या एम्सपासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत आज स्त्रीरोगांवरील शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. छिद्रे लहान असल्याने वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी परततो. परंतु पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी पोटावरील व्रणापेक्षा गर्भाशयाच्या भिंतीतील शिवण अधिक महत्त्वाची असते.

पोट उघडल्यास शल्यविशारद बोटांनी चाचपून स्नायूत दडलेली गाठ शोधू शकतो. दुर्बिणीत ही सोय जवळपास नसते. त्यामुळे गाठींची संख्या, आकार व खोली आधीच ठाऊक असावी लागते. बहुतेकदा सोनोग्राफी पुरते. गाठी अनेक असतील किंवा अॅडेनोमायोसिसची शंका असेल, तर एमआरआय उपयुक्त ठरतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत साध्या पडद्यावर खोलीचा अंदाज येणे कठीण असते. त्रिमितीय कॅमेरा तो देतो, तर फोर-के कॅमेरा बारीक तपशील स्पष्ट करतो.

गाठ काढल्यावर उरलेली पोकळी नीट मिटवणे हे खरे कौशल्य. गाठ खोल असल्यास थरांवर थर शिवावे लागतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी टाक्यांऐवजी विजेच्या उपकरणाने अतिरिक्त जाळल्यास भिंत कमकुवत होऊ शकते. पुढील गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा धोका विरळ असला, तरी तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

नेहमीच्या विरघळणाऱ्या धाग्याला आत गाठ मारावी लागते. त्यात वेळ जातो. काटेरी धागा गाठीविना पकड घेतो, त्यामुळे शिवण लवकर पूर्ण होते व रक्तस्रावही कमी होतो. मात्र त्याचे टोक बाहेर राहिल्यास क्वचित आतडे अडकू शकते. म्हणून ते आखूड कापतात.

मोठी गाठ लहान छिद्रातून काढण्यासाठी तिचे तुकडे करावे लागतात. गाठीत कर्करोग दडलेला असल्यास तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. तेव्हापासून पिशवीत ठेवून तुकडे करण्यावर भर आहे.

भोपाळ असो वा पणजी, रुग्णाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गाठ किती खोल आहे, भिंत किती थरांत शिवणार आणि पुढे प्रसूती कशी करावी लागेल? खोल गाठीसाठी पोट उघडणे अधिक सुरक्षित असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यास तो कमीपणा मानू नये.